फेसाई आमच्या परसात

आमच्या घरातल्या तांब्यापितळेपासून छपराच्या वाशांपर्यंत सगळ्यावर माझा हक्क होता. एकच वस्तू त्यातून वगळलेली होती. परसात केळीखाली गिरजाबाईचा धुण्याचा दगड होता, त्याला मी बोटही लावायचं नाही, असा लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा कायदा.

दगड होताच तसा गुणी. गुडघ्याएवढा उंच, पुढच्या अंगाला उतरता, आपटलेल्या कपड्याचं पाणी न सांगता अळूच्या वाफ्यात जायचं. गिरजाबाईची कंबर जगात कुठंही दुखायची, पण त्या दगडापुढं बसली की गप्प व्हायची. तिच्या भावानं एकदा तो आपल्या घरी न्यायचं नुसतं बोलून दाखवलं, तर सलग तीन दिवाळ्या ती माहेरी गेली नाही. मला तिनं बजावून ठेवलं होतं, "ज्या दिवशी ह्यो दगड माझ्या हातून जाईल, त्या दिवसापासून या घरातलं धुणं तुमचं." घर नऊ माणसांचं. त्यात दोन मुलगे डोलवीला कंपनीत शिफ्टवर. त्यांची पँट भिजवली की बादलीतलं पाणी आपणहून बाहेर यायला बघायचं. तेव्हा त्या दगडाची काळजी गिरजाबाईपेक्षा मलाच जास्त होती.

दगडाचं एक गुपित होतं आणि ते जगात फक्त मला ठाऊक होतं.

लग्नाआधी मी पेणला गणपतीच्या कारखान्यात दोन महिने काढले होते. मूर्तीला हात लावू देत नसत, मला नुसते उंदीर करायला देत. एका गिऱ्हाइकानं गणपतीच्या पायाशी बेडूक कशाला बसवलाय असं विचारलं, तेव्हा मालकानं मला सन्मानानं घरी पाठवलं. पण हाताची खाज गेली नव्हती. गिरजा नवी नवरी म्हणून घरात आली आणि तिला न सांगता मी ओढ्यातल्या काळ्या दगडावर तिचा चेहरा कोरायला घेतला. कपाळावर गोल कुंकू, नाकात नथ, मागं अंबाडा आणि त्यावरून लोंबणारा गजरा. पंधरा दिवस खपलो. सोळाव्या दिवशी तिला परसात बोलावून दाखवला. तिनं मान एकदा या अंगाला कलती केली, एकदा त्या अंगाला, आणि कौतुकानं म्हणाली, "हत्ती हाय व्हय?"

मी दगडाकडं बघितलं. मग तिच्याकडं बघितलं. "व्हय," म्हटलं.

त्या एका शब्दावर आमचा संसार तीस वर्षं सुखानं चालला, आणि तीस वर्षं ती स्वतःच्याच तोंडावर माझी धोतरं आपटत राहिली.

आता त्या दिवसाची गोष्ट. माघाचा महिना, शेतात वाल लोंबत होते. मी काही कामानं भल्या सकाळी पेणला रामवाडीच्या नाक्यावर उभा होतो. काम काय होतं ते आता आठवत नाही, म्हणजे नसावंच. तेवढ्यात जगनची छोटी बस समोर येऊन थांबली. जगन रामवाडीचाच, माझ्या मेव्हणीच्या नात्यातला. बसला कापडी फलक बांधलेला, 'प्राचीन अवशेष व पवित्र स्थळे, एक दिवसाची मार्गदर्शित सहल'. आत पेणचे बारा निवृत्त शिक्षक टोप्या आणि कानपट्ट्या बांधून बसलेले. आणि मार्गदर्शक कुठं, तर त्याला आदल्या दिवशी मानेला करट उठलेलं, मान वळत नव्हती. मान न वळणारा माणूस डाव्या हाताची स्थळं कशी दाखवणार? जगननं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "केरूभाऊ, तुझं तोंड रिकामंच हाय. चल."

माझी एकच अट होती, दुपारचं जेवण आमच्या घरी. कारण मार्गदर्शक झालो ते गिरजाबाईनं डोळ्यांनी बघायला हवं होतं. आमचं बोरटेंभी कासूच्या स्टेशनापासून आत, वाटेवरच म्हणायचं. जाताना बस दाराशी थांबवली. गिरजाबाई परसात चादरींच्या धुण्याला बसलेली. कोपरापर्यंत साबण. मी कुंपणावरून सांगितलं की दुपारी चौदा माणसं जेवायला आहेत, आणि उत्तर यायच्या आत बसमध्ये जाऊन बसलो. मागच्या काचेतून दिसलं, ती तशीच उठली, चादरी कशाबशा पिळून दोरीवर टाकल्या आणि वाल सोलायला धावली.

त्या बारा जणांचे पुढारी होते दिनानाथ मास्तर. पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेला माणूस. पिशवीत भिंग, मोजपट्टी, दात घासायचा जुना ब्रश आणि जाड वही. मास्तरांचं एक दुखणं होतं, ते मालतीबाईंनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मालतीबाई त्याच शाळेत शास्त्र शिकवायच्या, त्यामुळं कुणाचंही दुखणं त्या सरळ सांगत. मास्तरांना उभ्या आयुष्यात एकही शोध लागला नव्हता. चित्रकलेच्या शिक्षकाला घराचा पाया खणताना नाणं सापडलं. शाळेच्या शिपायाला विहिरीत तलवारीची मूठ सापडली. मास्तर मात्र तीस वर्षं दर रविवारी डोंगर तुडवत होते आणि त्यांना फक्त गोचिड्या सापडल्या.

अशा माणसाला रिकाम्या वहीनिशी घरी पाठवणं मला जमणारं नव्हतं.

रोह्याच्या वाटेवर किल्ल्याचा डोंगर दिसला तिथं मी बस थांबवली. सांगितलं, वर एक तोफ आहे, ती दर अवसेला आपणहून उडते. गोळा नेमका त्या खालच्या शेतात पडतो, आणि त्या शेतकऱ्यानं गोळे रचून रचून गोठा बांधलाय. मास्तरांनी लिहून घेतलं आणि गोठ्याला किती गोळे लागले ते विचारलं. मी म्हटलं, चारशे बारा, दार सोडून.

रोह्यात धावीर महाराजांच्या देवळात गेलो. तिथं मी खरं सांगितलं, की दसऱ्याला महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस बंदुका घेऊन देवाला सलामी देतात. मास्तरांनी वही मिटली. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, जरा पुराव्यानं बोलत चला.

मग कुड्याच्या लेण्यांत. आत आवाज घुमतो. मी सांगितलं, इथं बोललेलं बारा वर्षांनी परत ऐकू येतं, म्हणून जपून बोलावं. मागं एकानं इथं सासूबद्दल काहीतरी काढलं होतं, बारा वर्षांनी नेमकी सासूच सहलीला आली. तेव्हापासून बारा शिक्षक लेण्यांत ओळीनं तोंडावर हात धरून फिरले. पस्तीस वर्षं मुलांना गप्प बसा म्हणणारी माणसं स्वतः गप्प बसलेली बघून जगनला हसू आवरेना, तर तो बसमध्ये जाऊन हसून आला. त्याला बारा वर्षांनंतरची भीती.

दुपारी बोरटेंभीला आलो. गिरजाबाईनं तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, भात, ताक आणि तळलेली मिरगुंडं केली होती. बिरड्यावर सगळे असे तुटून पडले की मला वाटलं, सहल इथंच संपली. संपली असती तर बरं झालं असतं. पण मास्तर पहिले उठले आणि हात धुवायला परसात गेले.

आम्हाला आधी तांब्या पडल्याचा आवाज आला. मग मास्तरांचा. धावत जाऊन बघतो तर मास्तर गिरजाबाईच्या दगडासमोर गुडघ्यांवर बसलेले, उष्टा हात हवेत धरलेला, बोटांवरून बिरड्याचा रस कोपराकडं चाललेला.

"गधेगळ," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना पाठ दिला. जुन्या काळी राजा एखाद्याला जमीन दान द्यायचा, तेव्हा दगडावर गाढव कोरून उभा करायचा. दान मोडेल त्याला शाप. वर चंद्र आणि सूर्य, म्हणजे ते आकाशात असेतो शाप चालू. मास्तरांनी ब्रशानं धूळ झाडत एकेक दाखवलं. हा गोल, म्हणजे सूर्य. ही कोर, म्हणजे चंद्र. हे लांब कान. हे शेपूट. आणि हे तोंड, केवढं बोलकं गाढव.

सूर्य म्हणजे गिरजाचं कुंकू होतं. चंद्र म्हणजे नथ.

मालतीबाईंनी विचारलं, शाप काय असतो? मास्तर म्हणाले, तो स्त्रियांसमोर सांगण्यासारखा नाही. त्यावर मालतीबाई म्हणाल्या, मी एकोणतीस वर्षं शरीरशास्त्र शिकवलंय, कागदावर लिहा. मास्तरांनी पाठ वळवून कागदावर लिहिलं. मालतीबाईंनी चष्मा लावून वाचलं, कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "एवढंच?"

दगडाच्या कडेला वीस-बावीस खाचा होत्या, त्या मास्तरांनी दोनदा मोजल्या आणि राजाच्या कारकिर्दीची वर्षं म्हणून वहीत लिहिल्या. त्या खाचांवर मी कोयत्याला धार लावायचो, गिरजाबाई बाजारात गेली की.

इथवरही ठीक होतं. पण मास्तर उठले, हात पुसले आणि म्हणाले की हा दगड आजच पेणला वाचनालयाच्या ओटीवर गेला पाहिजे, इथं त्याची विटंबना होतेय. बाकीच्या शिक्षकांनी माना डोलावल्या. जगन मागची सीट काढायला गेला. कुणीतरी गोठ्यातून माझीच पहार घेऊन आलं.

गिरजाबाई मागच्या दारात उभी होती. तिनं दोरीवरच्या चादरींकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेत मला पुढची तीस वर्षं दिसली. मी, बादली आणि डोलवीच्या दोन पँटी.

माणसावर अशी वेळ आली की तो खरंसुद्धा बोलतो.

"मास्तर, ते गाढव नाय," मी म्हटलं. "ती आमची गिरजा हाय."

मी सगळं सांगून टाकलं. गणपतीचा कारखाना, उंदीर, पंधरा दिवस, कुंकू, नथ, अंबाडा. मास्तरांनी शेपटावर बोट ठेवलं. मी म्हटलं, गजऱ्याचं टोक. बारा शिक्षकांनी एकदा दगडाकडं बघितलं, एकदा गिरजाबाईकडं, पुन्हा दगडाकडं. दोन मुलांनी एकमेकांची उत्तरं उतरवलीत का हे ताडून बघतात तसं.

मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "केरूभाऊ, तोफेची गोष्ट मी लिहून घेतली. लेण्यातल्या आवाजाची लिहून घेतली. पण माणसानं काही मर्यादा ठेवावी. बायकोबद्दल असं बोलू नये."

आणि पहार दगडाखाली गेली.

तेव्हा गिरजाबाई पायरी उतरून आली. पदर खोचला आणि शांतपणे म्हणाली, "न्या की. पण हजार वर्सांचा हाय म्हणता, तर मग त्याला इचारून न्या. कौल लावा."

याला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं. आमच्याकडं विहीर खणायची असो की मुलगी द्यायची असो, आधी देवाला विचारतात. ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या दगडाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. काळुराम गुरवाला बोलावलं. तो मारुतीच्या देवळाच्या पायरीवर घोरत होता, पण हजार वर्षांचा दगड म्हटल्यावर धोतर सावरत आला. आल्याबरोबर त्यानं सांगितलं की कौल लावायच्या आधी दगडाला अंघोळ हवी. नारळाचा काथ्या मागवला, घागरभर पाणी ओतलं आणि मंत्र पुटपुटत दगड घासायला लागला.

पहिल्यांदा कुंकवाच्या जागी एक बुडबुडा आला.

मग नथीतून दोन आले. काळुरामाचा मंत्र अडखळला, पण हात थांबला नाही, तो भीतीनं आणखी जोरात घासू लागला. दगड ओढ्यातला, अंगभर बारीक भोकं, आणि त्यात तीस वर्षांचा साबण मुरलेला. वरून सकाळच्या चादरींचा न धुतलेला थर. बघता बघता दगडाच्या कपाळातून, कानांतून, तोंडातून पांढराशुभ्र फेस उसळायला लागला. तो दगडावरून उतरून अळूच्या वाफ्यात गेला, अळवातून केळीच्या बुंध्याला लागला, तिथून कुंपणाखालून शेजारच्या बायजाच्या परसात शिरला. बायजाची कोंबडी तिकडून चालत निघाली आणि इकडून बदक होऊन आली. खोटं वाटत असेल तर बायजाला विचारा, ती अजून त्या कोंबडीची भरपाई मागते.

जगन सीटचा पाना हातात घेऊनच दंडवत घालायला आडवा झाला. शिक्षकांपैकी काहींनी चपला काढल्या. मास्तरांनी फेसाचा थोडा भाग बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"सुगंध येतोय," ते म्हणाले.

मालतीबाईंनी वास घेतला. "लिंबाचा आहे."

"देवीला लिंबू लागतंच," काळुराम म्हणाला. त्याच्या तोंडून देवी हा शब्द गेला आणि मामला आमच्या हातातून गेला.

कौल लावला खरा, पण फेसावर पाकळी टिकणार कशी? दोन्ही एकदम घसरल्या आणि अळवाकडं पोहत गेल्या. काळुरामानं त्याचा अर्थ सांगितला की देवी म्हणते, मला असले प्रश्न विचारू नका. लगोलग त्यानं कमरेची पुडी सोडली आणि दगडाला कपाळापासून खालपर्यंत शेंदूर फासला. जगन उठून हात जोडून म्हणाला की देवीला मागच्या सीटवर स्टेपनीशेजारी बसवून नेणं त्याच्यानं होणार नाही, वाटेत वडखळला त्याची चाकं फिरायची थांबतील. मग कुणाचीच हिंमत झाली नाही. पहार ज्यानं आणली होती त्यानं ती मुकाट्यानं गोठ्यात नेऊन ठेवली.

मला मास्तरांचं वाईट वाटलं. आयुष्यात एक शोध लागला आणि तोही अंघोळीत गेला. पण मास्तर हार मानणारे नव्हते. पाच मिनिटं ते ओट्यावर बसून विचार करत होते, मग एकदम उजळले. शीतलादेवीचं वाहन गाढवच असतं, ते म्हणाले, म्हणजे राजानं गाढव कोरलं आणि देवीनं त्यात वास केला. असा दगड कोकणात दुसरा नाही. त्यांनी वहीची उरलेली सगळी पानं भरली. जाताना मालतीबाईंनी गिरजाबाईचा हात हातात घेतला आणि तिच्या चेहऱ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग मला म्हणाल्या, "कान सोडले तर तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही."

बस गेली. उन्हं केळीवर आली होती. परसात मी, गिरजाबाई आणि शेंदरी दगड. मी खुशीत होतो. दगड हलला नव्हता, म्हणजे धुणं काही माझ्या गळ्यात येणार नव्हतं. गिरजाबाई दगडापुढं उभी राहून मान एकदा या अंगाला कलती करत होती, एकदा त्या अंगाला.

"मघाशी बोललात ते खरं व्हय?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग तवा हत्ती का म्हणलात?"

"मी कुठं म्हणलो? तूच म्हणलीस गो."

तिनं वाकून बोटानं नथीवरचा शेंदूर तेवढा पुसला. "नथ बरी आलीय," म्हणाली.

मला वाटलं, झालं, सगळं निभावलं. मी विचारलंसुद्धा, की दगडात साबण आहे हे तिला ठाऊक होतं का. ती म्हणाली, सकाळी दगड धुवायला सवड कुठं दिलीत, चौदा माणसं आणून ठेवलीत की. आणि दोरीवरच्या चादरी काढून तिनं माझ्या दोन्ही हातांवर ठेवल्या. त्या अजून बुळबुळीत होत्या.

"तळ्यावर नेऊन खळबळून आणा."

मी म्हटलं, दगड तर जागच्या जागी आहे. हललाय कुठं?

"हलला नाय, पण माझ्या हातून गेलाच ना?" गिरजाबाई म्हणाली. "देवीच्या तोंडावर कुणी धुणं आपटतं व्हय? आणि माझ्या तोंडावर तर आजपासून मुळीच नाय."

आता लोक त्या दगडाला फेसाई म्हणतात, आणि तिची दर माघ पुनवेला जत्रा भरते. दोन पाळणे येतात, एक भेळवाला येतो, आणि काळुराम घासून घासून थकतो, पण फेस काही आटत नाही. पहाटे तिथं कोण साबणाची वडी फिरवतं ते मी सांगणार नाही. गिरजाबाई दगडाशेजारी पाटावर बसून बायकांच्या ओट्या घेते, तिची कंबर हल्ली कुठंच दुखत नाही. जगनची बस महिन्यातून दोनदा येते. बस आली की मला तळ्यावर हाक येते आणि मी ओल्या हातांनी मार्गदर्शन करायला उभा राहतो. पहिल्यांदा मी प्रत्येकाला खरं तेच सांगतो, की ही माझी बायको आहे, मीच कोरलीय. लोक पोट धरून हसतात, म्हणतात, मार्गदर्शक मोठा गमत्या आहे.

मग मी पिळलेली पँट खांद्यावर टाकतो आणि तोफेपासून सुरुवात करतो. ते वह्या काढतात.